डागडुजी टिकते कशावर?

भंडारा जिल्ह्यात पावसाळा लागला की जुन्या घरांच्या, शाळांच्या आणि गोदामांच्या छताखालचे पोपडे पडू लागतात आणि आतली तांबूस सळई उघडी पडते. मिस्त्री येतो, सुटलेला भाग खरवडतो, सिमेंट-रेतीचा गिलावा थापतो आणि वर रंग लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा सुटतो. मग दुकानात तयार मॉर्टरची आणखी ताकदीची, आणखी महाग थैली मागितली जाते. खरं तर दुरुस्तीचं मॉर्टर निवडताना ताकदीचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आतला गंज किती निघाला, नवा थर जुन्या काँक्रीटशी किती जुळला आणि इथल्या उन्हात त्याला किती दिवस पाणी मिळालं, या तीन गोष्टींवर डागडुजीचं आयुष्य ठरतं.

मुंबई-कोकणात सळई गंजण्यामागे बहुधा समुद्राच्या खाऱ्या हवेचा हात असतो. भंडारा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, त्यामुळे इथलं मुख्य कारण वेगळं आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि या अल्कलीमुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की ही अल्कली कमी होते, पीएच ९च्या आसपास येतो आणि तो थर मोडतो. काँक्रीट पाण्याने भरलेलं असताना वायू आत जात नाही, ते कोरडं होत जातं तेव्हा जातो. उलट गंज चढायला ओलावा लागतो. म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे महिने वायूला वाट देतात आणि पुढचा पावसाळा गंजाला पाणी पुरवतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरलं. चांगल्या काँक्रीटला अशा पुराने फारसं काही होत नाही, पण अल्कली आधीच संपलेल्या बांधकामात असा ओलावा गंजाला आयता मिळतो. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य हवामानातही स्लॅबच्या सळईवर साधारण २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, हवं. जुन्या कामांत ते अनेकदा याच्या निम्मंही सापडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलून फोडतो.

कारण हे असेल तर फक्त सुटलेला पोपडा काढून भागणार नाही. हातोडीने ठोकत गेलं की जिथे पोकळ आवाज येतो तो सगळा भाग निकामी समजावा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारलं तर जिथे गुलाबी रंग येतो तिथे अल्कली शिल्लक आहे, जिथे येत नाही तिथे ती संपली आहे. ही तपासणी स्वस्त आहे आणि किती खोल जायचं याचा अंदाज तिच्यातून येतो. गंजलेल्या सळईच्या मागे बोट फिरेल इतकी, सुमारे २० ते २५ मिलिमीटर जागा मोकळी करावी लागते. नाहीतर सळईची पाठ गंजतच राहते आणि नवा थर मागून सुटतो. कडा चौकोनी कापाव्यात, कारण शून्यावर निमुळती होत गेलेली कड सर्वांत आधी उचलते. सळई तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टने चकचकीत करून तिच्यावर गंजरोधक लेप द्यावा. सगळ्या कामातला सर्वाधिक वेळ इथेच जायला हवा. प्रत्यक्षात मात्र याच भागाचे पैसे अंदाजपत्रकातून आधी कापले जातात.

यानंतर मॉर्टरची निवड येते. युरोपातल्या ईएन १५०४ मानकात दुरुस्तीच्या मॉर्टरचे आर-१ ते आर-४ असे चार वर्ग आहेत. दाब सोसण्याची किमान ताकद आर-२ला १५, आर-३ला २५ आणि आर-४ला ४५ मेगापास्कल लागते. आपल्याकडच्या अनेक थैल्यांवरही हे वर्ग छापलेले असतात आणि गिऱ्हाईक साहजिकच आर-४ उचलतं. पण प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम-२० हा दर्जा आयएस ४५६च्या २०००च्या आवृत्तीने सक्तीचा केला. त्याआधीची पुष्कळ घरं एम-१५ काँक्रीटची आहेत. अशा मऊ काँक्रीटवर फार कडक थर चढवला तर तो सुकताना आकसतो, आणि जुनं काँक्रीट त्याच्याबरोबर हलत नसल्यामुळे सांध्यावर ताण येऊन तिथेच चीर पडते. घराच्या स्लॅबसाठी कमी आकसणारं, पॉलिमर मिसळलेलं, आर-३च्या आसपासचं मॉर्टर बहुधा अधिक शहाणपणाचं ठरतं. पुलाचा खांब किंवा जास्त भाराची तुळई असेल तर आर-४चा विचार करावा, आणि तोही इंजिनिअरच्या सल्ल्याने.

एपॉक्सी तर सगळ्यात मजबूत आणि चिकट, मग तेच का नको, असा प्रश्न हमखास येतो. बारीक चीर भरायला किंवा सळई रोवायला एपॉक्सी उत्तम आहे. पण उष्णतेने ते काँक्रीटच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. मे महिन्यात दिवसभर तापून रात्री निवणाऱ्या गच्चीच्या स्लॅबवर एपॉक्सीचा जाड थर रोज वेगळ्या मापाने फुगतो आणि आकसतो. इथे त्याची मजबुतीच सांधा तोडते. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो खरा आहे. तयार थैली साध्या सिमेंट-रेतीपेक्षा बरीच महाग पडते. लहान कामाला वैनगंगेची धुतलेली, चाळलेली, माती नसलेली रेती, चांगलं सिमेंट आणि एसबीआर लेटेक्स यांचं मिश्रण चालतं, मात्र प्रमाण मोजून घ्यावं आणि पाणी कमीत कमी टाकावं. लेटेक्सऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद कधीही वापरू नये, ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो. आणि ज्या कामासाठी दर तीन वर्षांनी मिस्त्री बोलवावा लागतो ते स्वस्त कसं म्हणायचं?

सर्वांत मोठी कसोटी उन्हाची आहे. हवेचं तापमान ४० अंशांपुढे गेलं की उष्ण हवामानातल्या काँक्रीटकामाचं मानक, आयएस ७८६१, लागू होतं. भंडाऱ्यात मे महिन्यात ही रेषा सहज ओलांडली जाते. जुना पृष्ठभाग आदल्या दिवशी भिजवून ठेवावा. थर लावताना तो ओलसर असावा, पण त्यावर पाणी साचलेलं नसावं. कोरडं काँक्रीट नव्या थरातलं पाणी ओढून घेतं आणि साचलेलं पाणी चिकटणं बिघडवतं. जुन्या काँक्रीटवर आधी मारलेला चिकटवण्याचा लेप ओला असतानाच मॉर्टर दाबून भरावं. लेप वाळला तर तोच दोन थरांना वेगळं करतो. हाताने भरताना एका वेळी साधारण १० ते २० मिलिमीटरचा थर द्यावा. काम सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करावं. साध्या सिमेंटच्या कामाला मानकाप्रमाणे किमान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत १० दिवस ओल द्यावी लागते. पॉलिमरच्या थरासाठी थैलीवरची सूचना पाळावी. छताखाली पाणी मारलं तर लगेच गळून जातं, म्हणून तिथे ओलं गोणपाट आणि प्लास्टिक घट्ट लावून ठेवावं किंवा ओल टिकवणारं क्युरिंग कंपाउंड मारावं.

मॉर्टरने सगळंच भागतं असा याचा अर्थ नाही. सळईची जाडी डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली असेल, तुळईला तिरकस चिरा असतील किंवा स्लॅब झोल खात असेल, तर आधी टेकू द्यावेत आणि संरचना अभियंत्याला बोलवावं. वरून गळती चालू असताना खालून केलेली दुरुस्तीही फुकट जाते. बाकी बहुतांश घरांचं नुकसान वेळेत पकडलं तर थांबवता येतं. म्हणून घरमालकांनी, शाळा समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी दर ठरवण्याआधी ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: किती खोल फोडणार, सळई कशी साफ करणार आणि किती दिवस पाणी देणार. ही उत्तरं न देणाऱ्याला, तो कितीही महाग थैली आणो, काम देऊ नये.