गॅस संपत नाही, गळतो



गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही आंबेनळी घाटाच्या वाटेने कुडपणला गेलो होतो. पोलादपूर तालुक्यातले हे डोंगरातले गाव. पावसाळ्यात तिथला भीमाची काठी हा धबधबा पाहायला माणसे येतात. आमच्या पाहुण्यांनी मुंबईची नोकरी सोडून तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, आणि मे महिन्यात येणाऱ्यांच्या आग्रहाखातर एसीही बसवला आहे. एसी चालू होता, पण वारा नुसता पंख्यासारखा. पाहुणे म्हणाले, "वर्षात दोनदा गॅस भरला, आता परत संपला बघा." डोंगरात मेस्त्री आणायचा म्हणजे गॅसचे पैसे वेगळे आणि गाडीभाडे वेगळे.

या वेळी आलेला मेस्त्री पोक्त होता. त्याने गॅसची टाकी गाडीतून खाली काढलीच नाही. आधी वाटीभर साबणाचे पाणी मागितले. बाहेरच्या युनिटला तांब्याची नळी जोडली जाते, तिथल्या नटाभोवती तेलाचा डाग होता. फेस लावताच बुडबुडे येऊ लागले. मेस्त्री म्हणाला, "पाव्हणं, गॅस काय डिझेल हाय व्हय संपायला? त्यो पळतोय!"

ही एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्रातला गॅस खर्च होत नाही. तोच तो बंद नळीत फिरत राहतो. आपण पाइपलाइनवाले शेतकरी. आपल्याला हे लवकर समजेल. कॉम्प्रेसर म्हणजे पंप. तो गॅस दाबून बाहेरच्या जाळीत पाठवतो, तिथे उष्णता बाहेर टाकून गॅसचे द्रव होते. पुढे बारीक वाटेतून दाब एकदम उतरला की ते द्रव थंड होते, आतल्या जाळीत खोलीची उष्णता ओढून घेते आणि गॅस होऊन परत पंपाकडे येते. पाइपलाइन फुटली तर आपण विहिरीत टँकरने पाणी ओतत बसत नाही. चर खणून सांधा शोधतो. मग इथेच का फसतो?

लाइनीचे दुखणे बाहेरूनही थोडेफार ओळखता येते. जाड नळी गार नाही आणि बारीक नळीवर किंवा आतल्या जाळीच्या एका कोपऱ्यावरच बर्फ, तर गॅस कमी असावा. पूर्ण जाळीवर बर्फ धरला, तर आधी फिल्टर धुवा. मळलेल्या जाळीतून वारा कमी गेला तरी बर्फ होतो आणि गॅसचे नाव बदनाम होते. थोडा वेळ गारवा, मग बंद, मग पुन्हा गारवा, असे चालले तर नळीत ओल शिरलेली असू शकते. ती बारीक वाटेत गोठते आणि ठिबकचे तोंड तुंबावे तशी वाट अडवते. नळी कुठे दुमडली असेल तर त्या जागेपासून पुढे दव किंवा बर्फ दिसतो.

कुडपणच्या एसीत नट जादा आवळल्याने नळीचे पसरट तोंड चिरले होते. मेस्त्रीने उरलेला गॅस रिकाम्या टाकीत काढून घेतला, चिरलेला तुकडा कापून नवे तोंड केले, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिले, पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढली, आणि मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. दुपार गेली, पण काम पक्के झाले.

हे सारे इथे सांगायचे कारण वेगळेच आहे. एसी नसला तरी आपल्यापैकी अनेकांचे दूध गावच्या संस्थेच्या कूलरमध्ये जाते. तिथेही हीच नळी आणि हाच गॅस. दूध ४ अंशांपर्यंत उतरवायचे असते. आमच्या माहितीतल्या एका संस्थेत गारवा उतरायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत होता. "गॅस टाकून घेऊ" म्हणत महिना काढला आणि एका रात्रीत अख्ख्या गावाचे दूध नासले. ज्यांच्या घरी एकच गाय होती, त्यांच्या किराण्याचे पैसे त्या दुधात होते. कूलर किती वेळात किती अंशांवर आला हे वहीत रोज लिहिले असते, तर दुखणे आधीच दिसले असते. ऊसतोडणी यंत्राच्या केबिनमधला एसीही असाच. तिथे हादऱ्याने होज घासतो आणि सांधे सैल होतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच तपासून घ्यावा.

एक इशारा. नळी तपासायला ऑक्सिजन कधीही भरू देऊ नये. आतल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. आर-३२ आणि आर-२९० हे गॅस पेट घेणारे आहेत, तेव्हा जवळ विडी-काडी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. दुरुस्ती जाणत्या मेस्त्रीकडूनच करावी.

आपण मात्र एवढेच विचारायचे: "गळती कुठे होती, दाखव." जो दाखवील त्याला मजुरी आनंदाने द्यावी.