पाच जणांचा मास्तर

मार्च २०२२ मध्ये चेन्नई सुपर किंग्जचा संघ सुरतेत लालभाई काँट्रॅक्टर स्टेडियमवर सरावाला आला होता. त्या वर्षी आयपीएलचे साखळी सामने मुंबई-पुण्यात होते. धोनी दिसावा म्हणून रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी राहत. संघाच्या गोलंदाजांची जबाबदारी लक्ष्मीपती बालाजी यांच्याकडे होती, पण त्यांच्यासाठी कोण थांबणार?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी घरांत क्रिकेटवेड्या पोरांची वाण नाही. पंचविशीत ध्यानात येतं, की रणजीचं दार काही उघडत नाही. मग खेळ सुटतो. खेळाच्या एकाच अंगाचा प्रशिक्षक होणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे तेव्हा घरात कुणी सांगत नाही. मला ती मोठी उणीव वाटते.

या व्यवसायाचं ठळक रूप अमेरिकन फुटबॉलमध्ये दिसतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. ही ऑफेन्सिव्ह लाइन. पुढे फेकलेला चेंडू झेलायचीही मुभा त्यांना एरवी नसते, समोरून येणारा लोंढा अडवायचा एवढंच काम. कबड्डीतल्या साखळीसारखंच, एकाचा पाय चुकला की पाचही जणांची मेहनत पाण्यात. म्हणून प्रत्येक संघात त्यांचा वेगळा प्रशिक्षक असतो. पहिलं पाऊल कुठे पडावं, हात छातीवर कुठे लागावेत, समोरच्याने ऐनवेळी जागा बदलली तर कुणी कुणाला धरायचं, हे तो वर्षानुवर्षं घोटून घेतो.

लाइनचे प्रशिक्षक दांते स्कारनेकिया यांची वाटचाल पाहा. ज्या छोट्या कॉलेजात ते खेळले, तिथेच १९७० साली शिकवू लागले. मग एकामागून एक कॉलेजं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात त्यांना जागा मिळाली १९८२ मध्ये, बारा वर्षांनी. मुख्य प्रशिक्षकपदाच्या मागे न लागता त्यांनी लाइनच धरली आणि सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकणाऱ्या पाच संघांत ते होते. एकदा निवृत्त झाले, २०१६ मध्ये परत आले, आणि २०२० मध्ये थांबले तेव्हा सत्तरी ओलांडली होती.

फिलाडेल्फिया संघाचे लाइन प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांच्याकडे २०१८ मध्ये सिडनीचा रग्बी खेळणारा जॉर्डन मेलाटा आला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो तोवर खेळला नव्हता. दोन वर्षं त्याला मुख्य मोसमाच्या एकाही सामन्यात उतरवलं नाही. पुढे तोच संघाचा डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा गडी झाला आणि २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. असा गडी घडवणारा माणूस मला खेळाडूइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे पारस म्हांब्रे यांचा प्रवास याच जातीचा. मुंबईचा हा मध्यमगती गोलंदाज १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये दोन कसोटी खेळला, तेवढ्याच. नंतर त्यांनी बंगालला प्रशिक्षण दिलं आणि २००५-०६ व २००६-०७ असे लागोपाठ दोनदा रणजीच्या अंतिम फेरीत नेलं. दुसऱ्या खेपेला समोर मुंबईच होती. बडोदा, विदर्भ, मग राष्ट्रीय अकादमी, भारत ‘अ’ आणि १९ वर्षांखालील संघ. राहुल द्रविड यांच्याबरोबर ते वरिष्ठ संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले २०२१ च्या अखेरीस, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. २०२४ चा टी-२० विश्वचषक जिंकला तेव्हा बुमरा, अर्शदीपच्या पाठीशी तेच होते. परक्या राज्यांतली आणि पोरासोरांबरोबरची ती वर्षं वाया गेलेली नव्हती, खरं शिक्षण तिथेच झालं असं माझं मत आहे.

मोठा खेळाडू असणं सक्तीचंही नाही. आर. श्रीधर भारतासाठी कधी खेळले नाहीत. टी. दिलीप तर प्रथम श्रेणीही खेळले नाहीत, तरी दोघेही भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक झाले.

नोकरी मात्र भरवशाची नाही. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर २०१४ पासून भारताचे फलंदाजी प्रशिक्षक होते. २०१९ च्या विश्वचषकानंतर मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री, गोलंदाजीचे भरत अरुण आणि श्रीधर तिघेही राहिले, बांगर यांची जागा तेवढी विक्रम राठोड यांना मिळाली. दोन वर्षांनी बांगर बंगळूरूच्या आयपीएल संघात फलंदाजीचे सल्लागार म्हणून रुजू झाले आणि २०२२ च्या मोसमात त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.