‘यहुदीद्वेष’ : शब्दार्थ व उपयोग

सन १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं आपल्या भाषणांत युरोपांतील फॅसिझमच्या संकटाचा ऊहापोह केला. त्या काळचा इतिहास मराठींत लिहितांना ‘अँटिसेमिटिझम’ या शब्दास प्रतिशब्द कोणता योजावा, हा प्रश्न पडतो. त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

‘सेमिटिक’ हें नांव बायबलांतील शेम याच्यावरून निघालें. जर्मन पंडित श्लोत्सर यानें तें १७८१ त एका भाषाकुलास लाविलें. हिब्रू व अरबी या दोन्ही भाषा त्या कुलांतील होत. तेव्हां ‘सेमिटिकविरोध’ असें शब्दशः भाषांतर केल्यास त्यांत अरबांचाही विरोध येईल. परंतु १८७९ पासून विल्हेल्म मार व त्याचे अनुयायी यांनीं हा शब्द रूढ केला, तो केवळ यहुद्यांविरुद्ध. चिखलांत पुष्कळ पदार्थ उत्पन्न होतात, पण ‘पंकज’ म्हणजे कमळच. येथेंही अर्थ रूढीनेंच ठरतो. म्हणून ‘यहुदीद्वेष’ हाच प्रतिशब्द युक्त होय.

धर्मावरून होणाऱ्या जुन्या द्वेषांतून धर्मांतरानें बहुधा सुटका होई. मारच्या मतांत दोष रक्तांतच मानिला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यानें तर आजे-आज्या पाहून यहुदी ठरविले. त्या मताची परिणति पुढें सुमारें साठ लाख यहुद्यांच्या हत्येंत झाली.

आतां आपल्याकडील एक जुनें नांव पाहूं. कोंकणांतील बेने इस्राएल तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवार पाळणारे हिंदु तेली ते ‘सोमवार तेली’. यावरून या नांवांत यहुदीद्वेष पाहणें बरोबर नव्हे. तेल्यास मिळणारा हलका दर्जा दोघांच्याही वांट्यास आला. तो जातिभेदाचा दोष होय, आणि तोही झांकूं नये. याच समाजांतील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ त मुंबईस प्रार्थनामंदिर उभारिलें.

सारांश, यहुदी म्हणूनच जेथें मनुष्याचा द्वेष होतो, तेथेंच हा शब्द योजावा. तो सैलपणें वापरिला तर कोंकणच्या घाण्यावर नसता आरोप येतो. टाळिला तर जर्मनींतील खरा अपराध झांकला जातो.