पिसवांचंही थंड हवेचं ठिकाण

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या घरात गेला की माणसं चिखलदरा गाठतात. पिसवांनाही हीच हवा मानवते. पिसवेची अळी 35 अंशांच्या वर फार दिवस तगत नाही, हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली की वाळून मरते. म्हणजे वऱ्हाडचा उन्हाळा हे उघड्यावरच्या पिसवांवरचं फुकटचं औषधच. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या धुक्यात, ओसरीतल्या दमट पोत्यावर मात्र तिची चंगळ.

कुत्रा खाजवतोय, पण पिसू दिसत नाही? बारीक फणीनं शेपटीच्या मुळाशी विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग फुटला, तर ती पिसवेची विष्ठा. म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त.

मग सल्ले सुरू होतात. घासलेट, सीताफळाच्या बियांची पूड (डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते) आणि कापूसपट्ट्यात हमखास, ‘फवारणीचं फिप्रोनिल घरात पडलंच आहे, लाव थोडं.’ या शेवटच्या सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या थेंबांतही फिप्रोनिलच असतं. कीटकाच्या चेतापेशींना आवर घालणारी दारं ते बंद पाडतं. आपल्या किंवा कुत्र्याच्या पेशींवर त्याची पकड बरीच ढिली. गंमत म्हणजे फवारणीच्या बाटलीत ते 5 टक्के, थेंबांत 10च्या आसपास! पण 10 किलोपर्यंतच्या कुत्र्याला थेंब मिळतात अवघे 0.67 मिलिलिटर, तेही जीभ पोचणार नाही अशा जागी. तिथून ते कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं, तैलग्रंथींत साठतं आणि काही आठवडे पाझरत राहतं. शेतातलं द्रावण पानांसाठी बनवलेलं. ते अंगाला चोळलं आणि कुत्र्यानं चाटलं, की किती पोटात गेलं याचा हिशेबच उरत नाही. चुकून बाटली मोनोक्रोटोफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाची निघाली, तर लाळ, थरथर, धाप, आणि जीवावर बेतणं.

दुकानातलं औषधही डोळे मिटून देऊ नये. कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजरीचा जीव घेतं, कारण तिच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर या नव्या गोळ्या फार प्रभावी. पण काही कुत्र्यांना त्यांनी कंप किंवा झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018मध्ये दिला. आधी फिट येऊन गेली असेल, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

एवढं करूनही पंधरवड्यात तक्रार येते, ‘औषध लागूच पडलं नाही.’ लागू पडलेलं असतं. अंगावरच्या पिसवा साधारण 5 टक्केच. बाकी अंडी, अळ्या, कोष बिछान्यात आणि फटींत. मादी दिवसाला 40पर्यंत अंडी घालते, कोषातली पिसू महिनोन् महिने दडून बसते आणि पावलांची थरथर जाणवली की बाहेर उडी मारते. म्हणून पोतं उन्हात टाका म्हणतात. जुलैतल्या चिखलदऱ्यात ऊन आणायचं कुठून? तिथं ते कढत पाण्यातच बुडवावं लागतं.