ओट्यावरचा ग्रॅनाइट आणि दारचा डोंगर

कल्याण-डोंबिवलीकडे आज असे घर विरळाच, की जिथे स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा नाही. कडप्पा गेला, ग्रॅनाइट आला. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना त्याच्या गुळगुळीत पाठीवरून हात फिरवून पाहण्याचा आग्रह हटकून होतो. गंमत अशी की, खिडकीतून दिसणाऱ्या मलंगगडावर किंवा पारसिकच्या रांगेत कितीही धुंडाळले तरी ग्रॅनाइटचा कडा काही सापडायचा नाही. इथला सारा दगड काळवथरी, म्हणजे बेसाल्ट. शके ९८२ मधले अंबरनाथचे देऊळ याच दगडाचे.

दुसरी गंमत याहून मोठी. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकला जातो, तो बहुधा ग्रॅनाइटच नसतो. भूशास्त्रज्ञ त्याला डोलेराइट किंवा गॅब्रो म्हणतात, आणि कुळाने तो आपल्या काळवथराचा भाऊबंद ठरतो. खरा ग्रॅनाइट करडा वा गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा. मी मराठीचा मास्तर. दगडांशी माझा संबंध 'पाषाणहृदयी' या विशेषणापुरताच. परंतु हा नावाचा घोटाळा उलगडू लागलो, तेव्हा आपल्या डोंगरांची जन्मकथाच हाती लागली.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरांवर थर बसले, आणि महाराष्ट्र काळा झाला. कोयनेजवळ रासाटीला खोल विंधन घेतले, तेव्हा सुमारे ९३० मीटर काळवथर संपल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला. म्हणजे ग्रॅनाइट आपल्याकडे आहे. पण तो तळघरात!

लाव्हा ओसरत आला, तोच दुसरे प्रकरण सुरू झाले. भारताचा पश्चिम काठ ताणला जाऊ लागला आणि अखेर फाटला. त्या फाटण्याच्या खुणा आपल्या दारी आहेत. घाटावर जे थर आडवे, पत्त्यांच्या जोडासारखे दिसतात, तेच किनाऱ्याकडे येताना समुद्राच्या बाजूला कलतात. या वाकणाला शास्त्रात पनवेलचेच नाव आहे. ताणामुळे पडलेल्या उभ्या भेगांत तप्त रस शिरून थिजला आणि भिंती झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर धावतात.

आता ग्रॅनाइट. साखरेच्या पाकात खडीसाखर धरू लागली की उरलेला पाक निराळा होतो. तसेच भूगर्भातील रसातून लोहयुक्त जड खनिजे आधी वेगळी झाली, म्हणजे मागे सिलिकाने समृद्ध असा फिकट रस उरतो. कधी त्या उष्णतेने जुने भूकवचही वितळून त्यात मिसळते. हा रस पृष्ठावर आला तर ट्रॅकाइट किंवा रायोलाइट. खोलवर सावकाश निवाला, तर टपोऱ्या कणांचा ग्रॅनाइट. उत्तन-गोराईच्या किनाऱ्यावर असा ट्रॅकाइट आहे, वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षे. त्याचा ग्रॅनाइट भाऊ मात्र आपल्याकडे दिसत नाही. तो गेला कुठे?

तो गेला सेशेल्सला! मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेली ही बेटे म्हणजे आपल्यापासून तुटलेला भूखंडाचा तुकडा. त्यांतल्या सिल्हूट व नॉर्थ या बेटांवरचे ग्रॅनाइट व सायेनाइट सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांचे, म्हणजे फाळणीच्या वेळचेच. शेजारच्या माहे बेटाचा ग्रॅनाइट मात्र सुमारे ७५ कोटी वर्षांचा. राजस्थानातील जालोर-सिवाण्याचा ग्रॅनाइटही त्याच युगातला. तो मूळचा भूमी ताणल्यामुळे झाला, की सागरतळ खंडाखाली शिरल्यामुळे, यावर पंडितांत वाद आहे. वयावर एकमत, कारणावर नाही. घरोघरच्या भांडणांतही याहून निराळे काय असते?

हे वय मोजतात कसे? पूर्वी लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवीत. झिरकॉन नावाचा सूक्ष्म स्फटिक हे ग्रॅनाइटचे घटिकापात्र. घडताना तो युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ येऊ देत नाही. पुढे त्यात सापडणारे शिसे बहुतेक युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले. आणि ४४७ कोटी वर्षांत निम्मे युरेनियम सरते हे ठाऊक आहे. प्रमाण मोजा, वय काढा. काळवथरात झिरकॉन दुर्मीळ, म्हणून तिथे पोटॅशियमपासून होणारा आरगॉन वायू मोजतात. अशी सोय पवईच्या आय. आय. टी.त आहे. पण वायूच तो! खडक पुन्हा तापला की निसटतो, आणि घड्याळ चुकते. म्हणून न बिघडलेला, जागचा दगड लागतो.

आणि तोच आपण संपवीत आहोत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल २००७ साली वारसास्थळांच्या यादीत गेला, म्हणून त्याच्याकडे कुणी डोळे वर करून पाहते तरी. पारसिकच्या रांगेला मात्र खाणींनी लचके तोडले आहेत. खाणवाल्याला डाइक आणि साधा कातळ यांत फरक नाही. दोन्ही एकाच यंत्रात जातात आणि खडी होऊन नव्या इमारतीच्या स्लॅबमध्ये पडतात. वर चौथ्या मजल्यावर ओटा बसतो, तो दुसऱ्या राज्यातून आणलेल्या दगडाचा.