खाचेतलं रक्त

शस्त्रक्रिया आटोपल्यावर ट्रेमध्ये टाकलेला आर्टरी फोर्सेप नळाखाली धरला की लख्ख दिसतो. पण त्याच्या दोन पात्यांमधला सांधा उघडून भिंगाखाली पाहिला, तर खाचेत काळपट तांबडी रेघ उरलेली असते. ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत. ऑटोक्लेव्हवर भिस्त ठेवावी, तर १३४ अंशांची वाफ जंतू मारते, घाण काढत नाही. उलट रक्तातली प्रथिनं शिजून धातूला घट्ट धरतात आणि त्या थराआडचे जंतू वाचण्याची शक्यता राहते. रुग्णालय पाहायला आलेल्यांना मोठ्या कौतुकाने ऑटोक्लेव्ह दाखवला जातो. खरं कसब त्याच्या अलीकडच्या ओल्या खोलीत लागतं.

तिथे असते अल्ट्रासॉनिक क्लीनर नावाची, दिसायला अगदीच साधी स्टीलची टाकी.

टाकीच्या तळाला बाहेरून ट्रान्सड्यूसर चिकटवलेले असतात. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. इथे उलटं चालतं: वीज दिली की ट्रान्सड्यूसरमधलं सिरॅमिक आक्रसतं, फुगतं, बहुतेक यंत्रांत सेकंदाला ४० हजारांच्या आसपास वेळा. हा कंप पाण्यात उतरतो. दाब घटला की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि वाढला की ते आतल्या आत कोसळतात. धातूलगतचा बुडबुडा कोसळताना पाण्याची बारीक चिळकांडी पृष्ठभागाकडे झेपावते आणि खाचेतली घाण उखडते. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजार कंपनांची, तरी यंत्रातून सूंऽऽ असा आवाज येतोच. तो या कोसळणाऱ्या बुडबुड्यांचा.

गंमत म्हणजे अभियंत्यांना हे बुडबुडे आधी शत्रू म्हणून भेटले. १८९० च्या दशकात ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेचा पंखा पाण्यात बुडबुडे उठवून वेग खात होता. पुढे पंख्यांचा धातूच कुरतडला जाऊ लागला, तेव्हा लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये बुडबुडा कोसळण्याचं गणित मांडलं. पोलादाला खड्डे पाडणारी तीच ताकद टाकीत आटोक्यात ठेवून वापरली जाते.

मात्र यंत्राचे नखरे पुष्कळ. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा लाटांचा जोर शोषते, म्हणून हत्यारं घालण्यापूर्वी काही मिनिटं पाण्याने भरलेली टाकी तशीच चालवायची. पाणी कोमट हवं. फार तापवलं तर रक्त तिथेच गोठतं. सोबत प्रथिनं सैल करणारं एन्झाइमचं द्रावण, तेही बाटलीवरच्या मापाने. कात्र्या-चिमटे उघडे करून जाळीच्या टोपलीत ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत आणि तळाला टेकवायचे तर मुळीच नाहीत. रबर-सिलिकॉनचे भाग लाटा गिळून टाकतात. दुर्बिणीच्या भिंगांना आणि मोटर असलेल्या ड्रिलना ही टाकी वर्ज्य. झाकण लावायचं, कारण उडणाऱ्या तुषारांत रक्त असतं.

यंत्र नीट चालतंय की नुसतंच गुणगुणतंय, हे ओळखायला डब्यात पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल पुरतो. त्याची पट्टी पाण्यात उभी धरून यंत्र सुरू करायचं. थोड्या वेळात सगळीकडे सारखे बारीक खड्डे आणि भोकं पडली, तर ठीक. एखादा पट्टा कोरा राहिला, तर तिथला ट्रान्सड्यूसर थकलेला असू शकतो. चाचणीनंतर पाणी बदलायचं, कारण फॉइलचे कण त्यात उरतात.

पाणी बदलण्याची बाब एकूणच नाजूक. टाकी घाण काढते, जंतू मारत नाही. दिवसभराच्या रक्ताळ कोमट पाण्यात ते उलट वाढतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांत याची किंमत कळते. मोतीबिंदू काढल्यावर एखाद-दुसऱ्या दिवसात डोळ्याच्या पुढच्या भागात येणारी, संसर्गाविना होणारी टॅस नावाची सूज असते. तिच्या कारणांत हत्यारांवर उरलेलं डिटर्जंट आणि अशा टाकीच्या पाण्यातले जंतूंचे विषारी अवशेष यांची गणना होते. वाफेने जंतू मेले तरी हे विष टिकतं. त्यामुळे डोळ्यांची हत्यारं वेगळी धुवायची, बारीक नळ्यांतून शुद्ध पाणी भरपूर खेळवायचं आणि टाकी निदान रोज उपसून, पुसून कोरडी करायची, हे वेळखाऊ काम टाळता येत नाही. दिवसभराच्या शस्त्रक्रियांची यादी उरकायच्या घाईत कात्री मात्र आधी लागते ती याच वेळेला.