घराचं झालं प्रश्नचिन्ह!

मुलांनो, समजा तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची जुनी निमंत्रणपत्रिका कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. तिच्यावर 'जिल्हा छिंदवाडा' असं आहे. पण २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे पत्ता बदलायला हवा. नव्या कॉम्प्युटरवर तुम्ही फाइल उघडता आणि बघता तर काय, देवनागरीचा मागमूस नाही! जिथे 'घर' होतं तिथे एक प्रश्नचिन्ह, मग इंग्रजी के, मग जे. लगेच कोणीतरी ओरडतं, "व्हायरस घुसला!"

व्हायरस-बियरस काही नाही. फाइल अगदी ठणठणीत आहे.

खरी गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरला अक्षरं ओळखताच येत नाहीत, तो फक्त आकडे साठवतो. प्रश्नचिन्ह म्हणजे ६३, छोटा के म्हणजे १०७, छोटा जे म्हणजे १०६. पूर्वी देवनागरीसाठी सगळीकडे चालतील असे आकडेच नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी शक्कल लढवली: आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, फक्त त्यांवरची चित्रं बदलायची. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये ६३ वर अर्धा घ बसवलाय, १०७ वर उभी दांडी आणि १०६ वर र. अर्ध्या घला दांडी जोडली की पूर्ण घ, पुढे र, झालं घर! हीच दांडी कानाही होते. म्हणून 'राम' म्हणजे जे, के, ई. किती हुशारीचं काम आहे बघा!

पण नव्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नसेल, तर तो बिचारा त्याच आकड्यांची इंग्रजी चित्रं दाखवतो. मध्य प्रदेशात, पण महाराष्ट्राला लागून असलेल्या पांढुर्णा-सौंसरकडे तर दुहेरी पेच. हिंदी सरकारी कामात कृतिदेवची चलती, आणि महाराष्ट्रातल्या छापखान्यांत श्रीलिपीचे फॉन्ट. दोघांच्या आकड्यांचा हिशेब वेगळा. तेव्हा आधी विचारायचं: ही फाइल कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली होती? तो फॉन्ट टाकला की अक्षरं जागच्या जागी. कायमचा उपाय हवा असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे आकडे दिले. त्यात घ म्हणजे २३२८, र म्हणजे २३५२, आपल्या लाडक्या ळला २३५५. हे आकडे पांढुर्ण्यात तेच आणि जपानमध्येही तेच!

काही फाइली मात्र उघडतच नाहीत. अशा वेळी नावाच्या शेवटी टिंबानंतर काय लिहिलंय ते पाहा: जेपीजी, पीडीएफ, डॉक्स असं काहीतरी. ती नुसती चिठ्ठी असते. संत्र्याच्या पेटीवर लिंबाची चिठ्ठी चिकटवली म्हणून आत लिंबं होत नाहीत, तसंच हे. फाइल खरी कोण आहे हे तिचे पहिले काही आकडे सांगतात. जेपीजी फोटो २५५ आणि २१६ ने सुरू होतो. वर्डची डॉक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा (मूळ नाही हं, तिची कॉपी!). सुरुवातीलाच पी आणि के दिसतील. ही फिल कॅट्झ या अमेरिकन माणसाची आद्याक्षरं. झिप फाइलची रीत त्याने १९८९ साली काढली आणि डॉक्स ही आतून झिपच असते. जगभरातल्या कोट्यवधी फाइलींच्या डोक्यावर एका माणसाची सही आहे!

फोटो वरून छान आणि खाली नुसता करडा दिसला, तर बहुतेक वेळा नेट मध्येच तुटून फाइल अर्धवट उतरलेली असते. पुन्हा उतरवा. आणि फाइलचा आकार शून्य केबी दाखवत असेल, तर दुरुस्त करायला आत काहीच नाही. पाठवणाऱ्याला फोन लावा आणि परत पाठवायला सांगा.